येशूच्या आजीचं चर्च

तुमच्या आजीच्या पानाच्या डब्यात चुन्याची डबी असते ना? तोच चुना दिवाळीच्या आधी घराच्या भिंतीवर चढतो. त्याचीच कोरडी फक्की शाळेच्या मैदानावर रेषा आखायला लागते. आम्हां राजूरच्या मंडळींना तर चुना म्हणजे घरचाच! यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात आमचं हे गाव. इथल्या जमिनीत दोन गोष्टी सापडतात. एक काळा कोळसा आणि दुसरी पांढरी चुनखडी. माझ्या वर्गातल्या मुलांना चुनखडीचा दगड दाखवावा लागत नाही, तीच मला आणून दाखवतात.

पण या चुन्याच्या जोरावर एखादी भलीमोठी इमारत तीनशे वर्षं पावसाला तोंड देत उभी राहते, हे सांगितलं तर? आमच्या चौथीच्या वर्गात कुणालाच ते पटलं नाही. "बाई, चुना तर बोटानं खरवडला तरी निघतो!" असं एकानं ठासून सांगितलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच आज मी तुम्हाला आपल्यापासून खूप दूर, गोव्यात नेणार आहे. तिथल्या तळावली या लहानशा गावात एक चर्च आहे. लोक त्याला सांताना म्हणतात. नुसतं गावाचं चर्च, पण बघत राहावं असं.

तुमच्यापैकी कुणी नागपूरला सदरमधलं मोठं कॅथेड्रल पाहिलं असेल. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, साऱ्या प्रांताचं मुख्य चर्च. गावचं चर्च वेगळं. ते त्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या कॅथलिक लोकांचं असतं. बाळाचा बाप्तिस्मा तिथं, लग्न तिथं आणि माणूस गेलं की शेवटची प्रार्थनाही तिथंच. वसईकडे अशा चर्चच्या पसाऱ्याला धर्मग्राम म्हणतात, गोव्यात कोकणीत फिर्गज म्हणतात. आणि चर्चला कोकणी शब्द आहे इगर्ज. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले.

हसू नका बरं का! आपणही पोर्तुगीज शब्द रोज बोलतो. चावी, पगार, साबण, बटाटा हे सगळे त्यांचेच. एवढंच कशाला, तुमचं घर बांधायला आलेला मिस्त्री आणि त्याच्या हातातलं घमेलं, हे दोन्ही शब्दसुद्धा पोर्तुगीजच! १५१० साली अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीनं गोवा जिंकलं. तेव्हापासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. एवढ्या मुक्कामात शब्द चिकटणारच.

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मधला जो भाग, त्याला तिसवाडी म्हणतात. तळावली याच तिसवाडीत, गोवा वेल्हा या गावाजवळ आहे. तिसवाडीबद्दल एक गोष्ट मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. पोर्तुगीज राजवटीत १५४० च्या सुमारास इथली देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. गोव्यात अनेक लोक आपले देव घेऊन नदीपलीकडे गेले. मंगेशीचं देऊळ आज जिथं आहे, तिथं तो देव असाच स्थलांतर करून आलेला आहे. जे मागं राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांची शेती तीच राहिली, भाषा तीच राहिली. पुढं त्यांच्याच नातवा-पणतवांनी गावोगावच्या इगर्जी आपल्या मानल्या, सजवल्या, सांभाळल्या. इतिहास असा गुंतलेला असतो, त्याचा एकच धागा ओढून चालत नाही.

आजी टेकडीवरून उतरली

सांताना म्हणजे संत आना. ही कोण? तर येशूची आई मारिया, आणि मारियेची आई आना. म्हणजे येशूची आजी! हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गात एकदम खुसखुस झाली. देवालाही आजी असते, ही कल्पनाच मुलांना फार आवडली.

गावात एक दंतकथा सांगतात. एका माणसाला टेकडीवरून एक म्हातारी उतरताना दिसली. डोक्यावर टोपी, हातात काठी. ती म्हणाली, मला या गावात राहायचं आहे, इथं माझं घर आहे. पाद्रीबाबांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि चर्चला संत आनेचं नाव मिळालं. दंतकथा खरी की खोटी असं विचारू नका. आपल्याकडेही देवी स्वप्नात येऊन जागा मागते, तसंच हे.

दंतकथा सोडली तर पक्की माहितीही आहे. आजचं चर्च बांधायला १६८१ साली सुरुवात झाली. ते काम फ्रान्सिस्को दो रेगो या धर्मगुरूंनी हाती घेतलं आणि १६९५ साली आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्हा या धर्मगुरूंनी पुरं केलं. आता वर्षं लक्षात ठेवायची युक्ती सांगते. छत्रपती शिवाजी महाराजांचं निधन १६८० सालचं. त्याच्या पुढच्याच वर्षी इथं पाया पडला. आणि १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा हे बांधकाम चालू होतं. असं जोडलं की इतिहासाची पानं आपोआप एकमेकांना चिकटतात.

समोर उभं राहिलं की पहिली नजर जाते ती दर्शनी भिंतीवर. दोन्ही बाजूंना मजल्यावर मजला चढत जाणारे दोन चौकोनी बुरूज. मध्ये खांबांच्या आणि कोनाड्यांच्या रांगा. कोनाड्यांच्या डोक्यावर शिंपल्याचे नक्षीकाम. खांब कसले, भिंतीतूनच थोडे पुढं आलेले अर्धे खांब! त्यामुळं काय होतं, तर सकाळी एक सावली पडते, दुपारी दुसरी. सपाट भिंत असती तर ती दिवसभर एकसारखीच दिसली असती. ही मात्र उन्हाबरोबर बदलते. युरोपात सतराव्या शतकात अशी नाट्यमय बांधणी फार चालायची, तिला बरोक शैली म्हणतात. गोव्याच्या मिस्त्र्यांनी ती शैली घेतली आणि आपल्या हातानं आपल्यासारखी केली. या गोवेकरी बरोकचा सगळ्यात सुंदर नमुना कोणता, असं जाणकारांना विचारलं तर त्यांतले बरेच जण सांतानाचं नाव घेतात. माझंही मत तेच, पण मी काही जाणकार नाही!

आत गेलं की वरून पाहिलं तर क्रुसासारखा दिसेल असा आराखडा आहे. लांब दालन, त्याला आडवा छेद आणि शेवटी मुख्य वेदी. वर कमानदार छत. दोन्ही अंगांना वरच्या बाजूला सज्जे. उजेड वरच्या खिडक्यांतून खाली उतरतो, त्यामुळं डोळे आपसूक वर जातात. आणि सगळ्यात गंमत भिंतींची! त्या इतक्या जाड आहेत की त्यांच्या पोटातून चालत जायची वाट आहे. कॅथलिक लोक आपल्या चुका धर्मगुरूंपाशी कबूल करतात. ते करायला जाणारा माणूस इतरांच्या नजरेला पडू नये, म्हणून ही भिंतीतली वाट, असं सांगतात. लपाछपीला केवढी छान जागा, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं होतं.

जांभा तहानलेला दगड

आता आपण मुद्द्यावर येऊ. चुन्याच्या.

आपल्या विदर्भात जुनी हेमाडपंती देवळं आहेत. काळा कठीण दगड, एकात एक खाचा करून बसवलेला. मध्ये चुना नाही, काही नाही. आपला काळा दगड तसं वागू देतो. गोव्याचा दगड वेगळा. तो जांभा. तांबूस, भोकाभोकांचा, जणू दगडाचा अनारसाच! खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याच्या चौकोनी चिरा कापता येतात. हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस ब्युकानन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यानं १८०७ साली त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिन भाषेत लॅटर म्हणजे वीट. नाव अगदी शोभतं.

पण भोकं आहेत म्हटल्यावर पाणी पिणारच. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट! उघड्या जांभ्यावर वर्षानुवर्षं असा पाऊस झोडपत राहिला, तर तो हळूहळू झिजतो, भुसभुशीत होतो, कडा गळून पडतात. म्हणून त्याला अंगरखा हवा. तो अंगरखा म्हणजे चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी.

चुना हे काम कसं करतो? चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर मागं ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे ४४ किलो हवेत! कळीच्या चुन्यात पाणी घातलं की तो फसफसतो, वाफा सोडतो, चांगलाच तापतो. (हा प्रयोग मुलांनी मुळीच करायचा नाही. कळीचा चुना हात भाजतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो.) विरलेला चुना वाळूत मिसळून भिंतीला थापला, की तो हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी होतो. म्हणजे मिस्त्री भिंतीवर दगडाचं पातळ कातडंच चढवतो, म्हणा ना!

हे तुम्हाला घरी पाहता येईल. घरच्या मोठ्या माणसाला जवळ बसवा. पेलाभर पाण्यात खायच्या चुन्याची हरभऱ्याएवढी गोळी ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता. तिच्यात नळीनं हळूहळू फुंका. ओढायचं नाही, फक्त फुंकायचं! बघता बघता निवळी दुधासारखी होईल. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळीत चुनखडीचे बारीक कण तयार केले. सांतानाच्या भिंतीवर हेच घडतं, फक्त फुंकर मारायला तिथं कुणी बसत नाही.

गोव्यात आमच्या राजूरसारखी चुनखडी कुठून आणणार? पण नदी आणि समुद्र होते. तिथं शिंपले भाजून चुना करत. शिंपलाही त्याच पदार्थाचा, कॅल्शियम कार्बोनेटचा. एक जातीचा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला तर खिडक्यांच्या तावदानांत काचेऐवजी बसवत. म्हणजे शिंपला भिंतीत, शिंपला खिडकीत आणि नक्षीतही शिंपलाच!

चुन्याचा गिलावा आणखी एक काम करतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर पडू देतो. भिंत जणू श्वास घेते. सिमेंटचा कडक गिलावा दिला की ओल आतच कोंडते आणि जांभा आतून कुजतो. वरून भिंत ठणठणीत दिसते आणि एके दिवशी पोपडाच्या पोपडा खाली येतो. जुन्या इमारतीला सिमेंट फासणारे लोक तिचं भलंच करायला गेलेले असतात, पण होतं उलटं.

पडलेली आई, उघडी पडलेली शेजारीण

सांतानाची दर्शनी भिंत ज्या चर्चवरून घेतली असं मानतात, ते जुन्या गोव्यात होतं. ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचं, १६०२ साली पुरं झालेलं. त्याचा बुरूज ४६ मीटर उंच होता, म्हणजे साधारण पंधरा मजले! सांताना ही जर लेक धरली, तर ही तिची आई. पण या आईचं काय झालं?

जुनं गोवं शहर रोगराईनं ओस पडत चाललं होतं. त्यात १८३५ साली पोर्तुगीज सरकारनं साधूंचे पंथ बंद केले. साधू निघून गेले आणि एवढी मोठी वास्तू कुणाचीच राहिली नाही. छपरावरचं कौल सरकलं तर ते नीट करायला कुणी नाही. पावसानंतर चुना लावायला कुणी नाही. १८४२ साली छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भिंत आणि बुरुजाचा अर्धा भाग पडला. १९३८ साली आणखी पडझड झाली. आज तिथं तांबड्या जांभ्याचा एकच तुटका सुळका आकाशात उभा आहे. त्या बुरुजातली मोठी घंटा आधीच काढली होती म्हणून वाचली. काही वर्षं ती आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभावर होती, १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. पांढऱ्या जिन्याजिन्यांच्या त्या चर्चचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याच्या माथ्यावर दिसते ती हीच घंटा.

दुसरी गोष्ट बॉम जेझूची. संत फ्रान्सिस झेवियरचं शव जिथं ठेवलं आहे ते १६०५ सालचं प्रसिद्ध चर्च. सहलीला गेलेला प्रत्येक जण त्याच्या तांबड्या भिंतीसमोर फोटो काढतो. पण ही भिंत मुळात तांबडी दिसायची नव्हती! तिच्यावर चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या आसपास, जुनी वास्तू आणखी जुनी आणि भारदस्त दिसावी या हौसेनं तो काढून टाकला. तेव्हापासून जांभा उघड्यावर भिजतो आहे, झिजतो आहे. अलीकडे त्यावर पुन्हा गिलावा चढवावा अशी मागणी झाली, तर आता लोकांना तांबड्या रूपाचीच सवय झाली आहे असं म्हणणारेही निघाले. तुम्हाला काय वाटतं? घरी आईबाबांशी यावर वाद घालून पाहा. माझ्या मते अंगरखा परत द्यावा. फोटो काय, पांढऱ्या भिंतीसमोरही चांगला येतो.

ही दोन्ही चर्चं बड्या शहराची, राजधानीची. जुन्या गोव्यातल्या वास्तूंना १९८६ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला. तळावलीचं चर्च त्या यादीत नाही. तरी आईचा सुळका उरला आणि लेक मात्र डोक्यावर छप्पर घेऊन उभी आहे. का? मला तरी एकच कारण दिसतं. साधू गेले तेव्हा मठ रिकामा झाला. गाव कुठं जाणार? गोव्यात गावकारी नावाची जुनी व्यवस्था होती. गावाची शेतं, बांध, पाण्याच्या वाटा सगळं गाव मिळून सांभाळायचं आणि देवाधर्माचा खर्चही त्याच उत्पन्नातून निघायचा. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पाणी ठिबकलं, की तो वर बघतोच! मठाच्या छपराकडे तसं बघायला कुणी उरलं नव्हतं.

अर्थात गावाच्या हातालाही मर्यादा असते. लोक कामाधंद्यासाठी बाहेर गेले, एवढ्या प्रचंड वास्तूचा खर्च झेपेनासा झाला. सांतानाची अवस्था इतकी वाईट झाली की २००० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या न्यूयॉर्कच्या संस्थेनं जगातल्या धोक्यात आलेल्या १०० वास्तूंची यादी काढली, तिच्यात या खेड्यातल्या चर्चचं नाव आलं. त्यानंतरच्या काळात तिचं मोठं दुरुस्तीकाम झालं.

आता फेस्ताचं सांगते. २६ जुलै हा संत आनेचा दिवस. जुलैच्या अखेरीला सांतानाला जे फेस्त, म्हणजे उत्सव होतो, त्याला म्हणतात तवशांचं फेस्त. तवसं म्हणजे पावसाळ्यात येणारी मोठी काकडी. आपल्याकडे जत्रेत नारळ, तिथं तवशी! ज्यांना मूल हवं असतं, ती जोडपी आजीबाईंपुढं तवसं ठेवतात. काकडीच का? पोर्तुगीज भाषेत काकडीला पेपिनो म्हणतात आणि मुलाला मेनिनो. जुळलं की नाही यमक? बायको हवी असलेला मुलगा चमचा वाहतो, कारण चमचा म्हणजे कुल्येर आणि बायको म्हणजे मुल्येर. नवरा हवा असलेली मुलगी उडीद वाहते, कारण नवऱ्याला शब्द आहे मारीदो. उडीद आपला, मारीदो त्यांचा, आणि तरी यमक जुळवलंच! मूल मागायला या फेस्ताला हिंदू माणसंही येतात.

हे सगळं भर पावसात चालतं. छत्र्या, चिखल, हिरवीगार भातशेती आणि पायरीपायरीवर काकड्यांचे ढीग. भिंतीवर तोवर हिरवट-काळे ओघळ उतरलेले असतात. पाऊस ओसरला, ऊन पडलं, भिंती वाळल्या, की गोव्यातल्या इगर्जींना चुना काढायचे दिवस येतात.